साडूंचा रस्ता

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत असा एकही चढ नाही जो माझ्या साडूंना घाबरवू शकेल, आणि असा एकही ओटा नाही जो त्यांना बसवून घेतल्याशिवाय पुढे सोडेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान किन्हवलीचे. उभी नोकरी भातसानगरला धरणावर केली, ती सायकलने जाऊन-येऊन. निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस जरा टेकेल. पण मुलीने त्यांना परदेशी बनावटीची, करंगळीएवढ्या टायरांची, वजनाला हलकीफूल अशी शर्यतीची सायकल भेट दिली आणि घरात टेकण्याचा प्रश्न मिटला. साडूंनी पहिल्याच दिवशी ती किन्हवलीच्या बाजारात नेऊन तिला मागे कॅरियर, बाजूला स्टँड, दोन मडगार्ड आणि देवळातल्यासारखी वाजणारी घंटी बसवून आणली. मुलगी बिचारी फोनवर रडवेली झाली. "बाबा, ती सायकल हलकी असण्याचेच पैसे असतात हो!" साडू म्हणाले, "हलकी हाय ना, मग सुरण आणायला जागा झाली."

त्यांच्या पोशाखाबद्दल आमच्या घरात दोन तट आहेत. सायकलस्वारांची ती अंगाला चिकटणारी चड्डी त्यांच्याकडे आहे, पण गावागावांत लेकीसुना असतात म्हणून ते तिच्यावरून खाकी हाफपँट घालतात. डोक्याला आधी पांढरी टोपी, टोपीवर हेल्मेट. वाटेत कोणी वडीलधारं दिसलं की सायकल थांबवून, हेल्मेट काढून रामराम घालायचा आणि मग पुन्हा चढवायचं. शहापूर तालुक्यात वडीलधाऱ्यांना तोटा नाही, त्यामुळे तासाभराच्या वाटेला त्यांची सकाळ जाते. माझी मेहुणी एकदा कोथिंबीर आणायला पाठवून बसली. हे गेले ते दिवे लागायच्या वेळी टोकावड्याच्या बाजूने परत आले. कोथिंबीर आणली होती, सुकली होती, पण सोबत तिच्या चुलतभावाच्या मुलीसाठी एक स्थळही आणलं होतं. ते लग्न झालं आणि उत्तम चाललं आहे, म्हणून मेहुणीला धड रागावताही येत नाही.

रस्त्यांविषयी त्यांची मतं ठाम आहेत. मैल, किलोमीटर त्यांना मान्य नाहीत. "हा ताकाचा रस्ता, तो करांद्यांचा, आन् सरळगावाकडचा तो काकडीचा," अशी त्यांची भूगोलाची मांडणी. मोबाइलच्या नकाशावर तर त्यांचा दातच आहे. "त्याला चढ दिसतो, चहा दिसत नाय," असं ते तुच्छतेने म्हणतात. घाट बैलांनी आखले, इंजिनियरांनी फक्त डांबर टाकलं, हा त्यांचा सिद्धान्त. आणि नाणेघाटाकडे तोंड करून तो सांगताना जुने व्यापारी, लदलेले बैल, जकातीचा रांजण असं सगळं ते स्वतः पाहिल्यासारखं उभं करतात. चढावर ते अखंड बोलतात, बरोबरच्या माणसाला 'दमलो' म्हणायला फटच राहू नये म्हणून. उतारावर मात्र ब्रेक दाबून गप्प. "उताराला घाय कसली? तो काय पळून चाललाय?" तळ्याकाठी पडलेल्या वीरगळांपाशी, शेंदूर फासलेल्या वाघोबापाशी ते घंटी वाजवून हजेरी देतात. मला त्यांनी कितीदा तरी बोलावलं असेल. माझा देह, माझं वय आणि माझं रविवारचं अंथरूण ही तीन कारणं मी आलटून पालटून देत आलो. "थोरल्या ताईंचे ते बघा, नाहीतर आमच्याकडे!" हे वाक्य माझी बायको भाजी फोडणीला टाकतानाही म्हणू शकते.

तर अशा या माणसाला मागच्या हिवाळ्यात प्रथमच कुणीतरी विचारलं. कल्याणकडच्या सायकलवाल्या तरुणांचा एक गट आहे. त्यांना शहापुरातून निघून मुरबाडमार्गे, आतल्या जुन्या गावांमधून परत येणारा एक रस्ता हवा होता. दुपारी बाराच्या आत जो परत पोचेल त्याला पदक. गटाची प्रमुख एक चुणचुणीत मुलगी होती, ती साडूंना म्हणाली, "काका, रस्ता तुम्ही ठरवा." जन्मभर ज्याला बायकोने, सासूने आणि खुद्द मीही रिकामटेकडा म्हटलं, त्याला ही अशी मागणी! साडू महिनाभर हवेत होते. रस्ता आवडला तर दर वर्षी तिथूनच जायचं, असं त्या मुलीने म्हटलं आणि साडूंनी ते मनात घट्ट धरलं. गावोगाव फिरून त्यांनी सांगून टाकलं, "आपल्याकडं पावणे येणार. आता दरवर्षी येणार." चूक झाली ती इथे. आमच्याकडे पाहुणे येणार हे नुसतं सांगायचं नसतं, त्यामागून चूल पेटते.

पाण्याच्या बाटल्यांची जीप मागे होती आणि तिच्यात ड्रायव्हरशेजारी मी. पहिला तासभर पोरं वाऱ्यासारखी गेली. किन्हवलीच्या पुढच्या एका गावाच्या वेशीत बघतो तर सगळ्या सायकली आडव्या! बाया निरांजनं घेऊन रांगेत उभ्या. कुंकू लावायचं म्हणजे हेल्मेट काढणं आलं, आणि हेल्मेट काढलं की बसणं आलं. नव्या तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, ताक. एक दाढीवाला तरुण मनगटावरचं घड्याळ दाखवत निसटू पाहत होता, तर एक म्हातारी हात पसरून त्याच्या चाकापुढे उभी राहिली.

"आमचे गावात आलास नि उपाशी जाशील? लोक काय म्हनतील रे आमाला?"

"आजी, टाइम जातोय माझा!"

"जाऊ दे त्याला. तू बस."

तो बसला. पुढच्या गावात लेझीम होतं आणि उकडलेल्या शेंगा. त्याच्या पुढच्या गावात खीर. पहिल्या गावात घड्याळ बघणारा तो दाढीवाला तिसऱ्या गावात देवळाच्या कट्ट्यावर पाय सोडून बसला होता आणि 'अजून आहे का' विचारत होता. साडू पंगतीतून फिरत होते, मुलाच्या लग्नात बाप फिरतो तसे. बारा वाजले तेव्हा सगळा ताफा मुरबाडच्या अलीकडेच होता. पदकं पेटीत राहिली.

ती मुलगी गुणी. रागावली नाही, उलट साडूंच्या पाया पडली. पण आठवड्याने तिचा फोन आला तेव्हा मी साडूंच्याच ओट्यावर होतो. "काका, तुमचा रस्ता फार सुंदर आहे. पण त्याच्यात सायकल चालवायला वेळच मिळत नाही. पुढल्या वर्षापासून आम्ही हायवेने जाऊ." साडू "बरं बरं" म्हणाले. मग बराच वेळ ते टोपीची घडी घालत आणि मोडत बसले. पदकांचं त्यांना काहीच नव्हतं. गावागावांत शब्द देऊन बसले होते, त्याचं काय करायचं, हे त्यांना कळत नव्हतं. त्या भागाकडे त्यांनी वर्षभर सायकल वळवली नाही, आणि माझ्या माहितीत एखादा रस्ता त्यांनी टाळला तो एवढाच.

यंदा भात झोडून झाल्यावर एका सकाळी ते माझ्या दारात आले. "साडू, त्या म्हातारीचा सांगावा आलाय, पावणे कधी येतात म्हनून. मी आजचा दिवस कळवून बसलो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक पावणा पायजे."

मी तिन्ही कारणांपैकी एकही काढलं नाही. शेजाऱ्यांची सायकल मागितली आणि निघालो. चढ मी हातात सायकल धरून चढलो आणि साडू माझ्याशेजारून चालत बोलत राहिले. वेशीवर म्हातारी निरांजन घेऊन उभी होती. तिने माझ्या घामाने थबथबलेल्या कपाळाला कुंकू लावलं, मला पोटापासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं आणि विचारलं, "एकच?"

साडू म्हणाले, "बाकीचे मागनं येतात."

तिने आम्हा दोघांना वाढलं. टोपलीत भाकऱ्यांची चळत होती, बरीच उंच. तिने वळणापर्यंत रस्ता न्याहाळला, चळतीवर स्वच्छ फडकं टाकलं आणि म्हणाली, "झाकून ठेवतंय. गरम राहतील."

"ठेव," साडू म्हणाले.

मी मान खाली घालून जेवत राहिलो. त्या माणसाचा इतका लोभ मला त्याआधी कधी वाटला नव्हता.