मेसवाल्या खालांची पोरं

मी आज जिवंत आहे, कारण लॉकडाऊनमध्ये माझा डबा दोन दिवस तसाच परत गेला होता.

मेसवाल्या खाला काल संध्याकाळी गेल्या. लातुरात क्लासेसच्या गल्लीत त्यांची मेस होती. पोस्ट मोठी होणार, आत्ताच सांगतो. खालांबद्दल थोडक्यात बोलणं मला जमणार नाही.

मी तेव्हा बारावीत. नीटवाला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या मागे लागलेला. बिल्डिंगमधली बाकी पोरं गाड्या करून गावी गेली, मी रूमवर एकटा.

पप्पा म्हणाले, "जळकोटला नेट चालत न्हाई. तितंच थांब, अभ्यास बुडंल."

दिवसभर मोबाईलवर लेक्चर. रविवारी टेस्ट, आणि संध्याकाळी ग्रुपवर नावासकट रँकची लिस्ट. माझं नाव शोधायला मी खालून सुरुवात करायचो.

डोक्यात काय चालू होतं ते बाहेर कुणाला कधी सांगितलं नाही. आज लिहितो. मला जगायचं नव्हतं.

कामवाल्या बायका गावी गेलेल्या, त्यामुळे डबे खाला स्वतःच घासायच्या; माझा भरलेला डबा त्यांच्याच हाती लागला. तिसऱ्या दिवशी त्या तीन जिने चढून वर आल्या. गुडघ्याचं दुखणं, तोंडाला ओढणी, नुसत्या धापा.

"डबा का वापस करायलास रे?"

"भूक नाही, खाला."

त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"मरायचं मनात यायलंय का?"

असं सरळ! घरी, क्लासमध्ये, दोस्तांत, कुणीच हे विचारलं नव्हतं. मी हो म्हणालो आणि ढसाढसा रडलो.

"रो ले बेटा," म्हणत त्या दारातच फतकल मारून बसल्या. माझ्याकडून नंबर घेऊन स्वतःच्या फोनवरून पप्पांना फोन लावला. स्पीकरवर.

आता ऐका! अनोळखी नंबर बघून पप्पांनी समोरच्याला बोलूच दिलं नाही. "सर, नमस्कार सर! पोरगं हुशार हाय सर. मागच्या टेस्टला जरा गडबड झाली, पुढच्या टायमाला पक्कं करतंय सर!"

मी रडता रडता हसलो. अनोळखी नंबर म्हणजे क्लासवालेच, आमच्या पप्पांना दुसरं काही सुचायचंच नाही.

खाला कडाडल्या, "मी सर न्हाई, मेसवाली हाय! रँक गेली चुलीत. पोरगं मरायचं म्हनायलंय. आजच घिऊन जावा!"

पलीकडून पप्पांचा बारीक आवाज आला, "निघालोच."

नाक्यावर पोलिसाचा एक दंडुका खाऊन पप्पा दुपारी मोटरसायकलवर पोचले. तोवर खाला दारातून हलल्या नाहीत. नंतर उदगीरला डॉक्टरांना दाखवलं, औषधं घेतली. बरं व्हायला वर्ष गेलं. डॉक्टर काही झालो नाही, अहमदपूरला शाळेत शिकवतो. मजेत आहे!

आज मातीला गेलो. वाटलं, मेसच्या पोरांतला मी एकटाच असेन.

खालांच्या दारात अनोळखी पोरंपोरी उभी. कुणी नांदेडहून, कुणी माहूरहून, एकजण थेट पुण्याहून आलेला.

त्या पुणेवाल्याला मी विचारलं, "तू कधी होतास खालांकडं?"

"लॉकडाऊनमधी. माझ्या रूमवर आल्या होत्या त्या."

शेजारची पोरगी गर्रकन वळली. "माझ्या पण!"

अकरा जण निघालो! अकरा, राव! मातीनंतर चहाच्या टपरीवर एकमेकांना घट्ट धरून रडलो, हसलो, नंबर घेतले. इतकी वर्षं प्रत्येकाला वाटत होतं, असे आपण एकटेच.

तुमच्या आसपास कुणी गप्प गप्प झालं असेल, तर आजच विचारा. सरळ विचारा.

खाला, तुमची अकराच्या अकरा पोरं जिवंत आहेत.

सलाम, खाला.