तेलखडूंतली आमची वाडी

माझ्यासारख्या नवशिक्याने चित्रांवर लिहावं, हे धाडसच, माफ करा. पण काल तेलखडूंचा मेणचट वास आला आणि पापडी गावातली आमची केळीची वाडी आठवली. ती विकण्याआधी आठवण म्हणून बाबांनी शेजारच्या हौशी चित्रकाराला तिचं चित्र काढायला सांगितलं. महाशय वाडीकडे पाठ करून बसले आणि कॅलेंडर बघून त्यांनी तेलखडूंनी बर्फाचा डोंगर, ट्यूलिप आणि बिनवशिंडाची गाय रंगवली.

“साहेब, आमची केळी कुठं हायेत?”

“केळी कसली काढायची? कलेत सौंदर्य लागतं, काका!”

बाबांनी चित्र घेतलं नाही. असला आंधळा चित्रकार मी पुन्हा पाहिला नाही.

आणि आज भावाने कळवलं, वाडीवर उभ्या राहिलेल्या इमारतीच्या दारात तेच चित्र टांगलंय. खाली लिहिलंय, ‘पूर्वी इथे असलेली वाडी’.