पांढऱ्या गच्चीवरची काळी ताडपत्री

आमच्या विक्रोळीच्या कॉलनीत बिल्डिंग नीट ठेवणं हा गुन्हा आहे. थट्टा नाही करत. हाउसिंग बोर्डाने कधीकाळी बांधलेल्या या चार मजली इमारती, आणि आता सगळ्यांचे डोळे रिडेव्हलपमेंटकडे लागलेले. इमारत धोकादायक ठरली की बिल्डर लवकर येणार, टॉवर होणार, लिफ्ट मिळणार. म्हणून गिलावा पडला तर पडू द्यायचा. भेगेत पिंपळ उगवला तर त्याला हात लावायचा नाही. त्याला पाणी घालायचं तेवढं बाकी ठेवलंय.

आम्ही राहतो सगळ्यात वर, गच्चीच्या खाली. एक खोली, एक स्वयंपाकघर. खुब्याचं हाड मोडल्यापासून आई पलंगावरच आहे. उन्हाळा लागला की स्लॅब अशी तापते की पंखा नुसती गरम हवा अंगावर फेकतो. मागच्या उन्हाळ्यात तिची शुद्ध हरपली, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं की खोली गार ठेवा, नाहीतर यांना दुसरीकडे हलवा. एसी लावून बघितला, तर जिन्यातला फ्यूज उडाला. वायरिंग वडिलांच्या काळातलं. दुसरीकडे म्हणजे कणकवलीला, माझ्या बहिणीकडे. पण आईचं एकच पालुपद, "माका हयच रवांदे." खालून मासळीवालीची हाक आली की ही बाई पलंगावरूनच ओरडून बांगड्याचा भाव करते. तिचा अर्धा जीव पलंगाशेजारच्या त्या खिडकीत आहे.

जुन्या वसाहती उन्हाला तोंड देतील अशा करायच्या, या कामासाठी एका संस्थेची दोघं कॉलनीत आली. गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग, खिडक्यांवर छज्जे, जिन्यात हवा खेळायला जाळ्या, असं बरंच काही सुचवलं त्यांनी. सोसायटीने छज्जे आणि जाळ्या उडवून लावल्या. रंगाला कसाबसा होकार मिळाला, कारण तो फुकट होता आणि रस्त्यावरून दिसणार नव्हता.

आणि काय सांगू, झकास काम झालं. भर एप्रिलात आई दुपारची घोरायला लागली. मी तिच्या उशाशी बसून भाजी निवडायचे आणि मला रडू यायचं, इतकं बरं वाटायचं.

मग बोर्डाचा इंजिनिअर बिल्डिंग तपासायला येणार म्हणून कळलं आणि सगळ्यांच्या अंगात आलं. आमचा सेक्रेटरी माझ्याच वर्गातला, लहानपणापासून अरे-तुरेतला. तो म्हणाला, गच्ची एवढी चकाचक दिसली तर साहेब म्हणेल, यांची बिल्डिंग ठणठणीत आहे. झाकून टाकू, एका दिवसाचा प्रश्न आहे. मी नको नको म्हणत असताना त्याच्यासकट चौघा पुरुषांनी वर काळी ताडपत्री अंथरली, वाऱ्याने उडू नये म्हणून कडेने आणि मधे मधे डांबराने चिकटवली, आणि गच्चीला कुलूप घातलं.

साहेब आला. तळमजल्यावरच्या भेगा बघितल्या, चहा घेतला, वर जिन्याकडे नजर टाकली आणि लिफ्ट नाही म्हणाला. गेला निघून. गच्चीवर पाऊलसुद्धा ठेवलं नाही माणसाने! मी कपाळावर हात मारून घेतला.

त्याच संध्याकाळी चावी मागायला गेले. सेक्रेटरी म्हणाला, रिपोर्ट येईपर्यंत थांब, साहेब परत यायचा एखादे वेळी. मी रोज जायचे. कधी तो घरी नसायचा, कधी चावी कमिटीतल्या दुसऱ्याकडे असायची. इकडे खोली आधीपेक्षा जास्त तापायला लागली. मी ओल्या चादरी टांगल्या, आईला सारखी पुसत राहिले. आईने भाव करणं सोडलं. मासळीवाली हाका मारून पुढे निघून जायची आणि ही भिंतीकडे तोंड करून पडलेली.

एका दुपारी तिने मला ओळखलं नाही. मला मावशी समजून बोलत राहिली. तेव्हा माझं डोकं फिरलं. स्वयंपाकघरातला वरवंटा उचलला, वर गेले आणि कुलूप तोडलं. ताडपत्री दोन्ही हातांनी ओढली, तर डांबराला चिकटून पांढऱ्या रंगाचे पापुद्रेच्या पापुद्रे निघून आले. उरलेल्या रंगावर काळे फराटे. मी तिथेच उन्हात फतकल मारून बसले आणि मोठमोठ्याने शिव्या घातल्या. सगळ्या कॉलनीने ऐकल्या असतील. ऐकू देत.

डॉक्टर म्हणाले, आता एक दिवसही इथे ठेवू नका.

आईला खुर्चीत बसवून चार मजले उतरवलं ते त्याच चौघांनी. एवढं जपून की काय सांगू. प्रत्येक वळणावर थांबत होते, "काकी, हात आत घ्या" म्हणत होते, सेक्रेटरीने तर तिचा पाय भिंतीला लागू नये म्हणून स्वतःचं कोपर खरचटून घेतलं. माणसं वाईट असती तर बरं झालं असतं. मला धड भांडताही येईना.

गाडीत बसवल्यावर तो आईला म्हणाला, "काकी, नव्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट असेल. परत या, थेट वर नेतो तुम्हाला."

आईने चौघांकडे आळीपाळीने बघितलं. बोलली तेव्हा आवाज अगदी शांत होता. "तवसर माका नेवक तुमी चौघाच पुरे रे, बाबा. लिफ्ट कित्याक होयी?"

सेक्रेटरीने तिचा पदर दारात अडकू नये म्हणून आत सारला आणि दार लावलं.

रिपोर्ट अजून आलेला नाही. बहीण फोनवर सांगते की आई आता बरी आहे, पण तिथे खिडकीकडे बघतसुद्धा नाही. परवा मासळीवालीने खालून काकींना हाक मारली, बांगडा ताजा आहे म्हणाली. मी खिडकीत गेले आणि सांगितलं की काकी नाहीत इथे. तिने वर बघत विचारलं, कधी येणार? मी बांगड्याचा भाव विचारला.