साठवर राहिलेला पाना

रॅलीच्या त्या टीममध्ये तिला सगळेच वहिनी म्हणायचे. गाडी चालवणारा तिचा सख्खा धाकटा दीर. तो म्हणतो म्हणून बाकीच्यांनीही तेच उचललं. घाम गाळून मिळवलेली इंजिनिअरची पदवी त्यात पार झाकली गेली, पण तिने ते कधी मनाला लावून घेतलं नाही. वहिनी समोर असली की मेकॅनिक तोंडातली शिवी गिळतात, हा फायदा काय कमी आहे?

कामात मात्र ती कुणाची वहिनी नव्हती. तिचा एक नियम होता. एकाने नट आवळायचा, दुसऱ्याने टॉर्क पान्याच्या मुठीवरचा आकडा मोठ्याने वाचायचा आणि मगच नटावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. ठरवलेला जोर लागला की पाना टक् वाजतो. पण आकडाच चुकीचा लावला असेल, तरी तो तितक्याच इमानाने वाजतो. हा नियम मोडणाऱ्या भल्याभल्यांना तिने सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं.

हंगामातली शेवटची रॅली होती आणि एकच टप्पा उरला होता. दीर चौदा सेकंदांनी पुढे, म्हणजे अजिंक्यपद हाताशी आलेलं. दुरुस्तीच्या तळावर गाडीला वीस मिनिटं मिळत. ब्रेकचे बोल्ट साठवर आवळून झाले, तेवढ्यात रेडिएटर गळू लागला आणि तिच्या जोडीचा मेकॅनिक तिकडे धावला. पुढचं डावं चाक गाडीला धरून ठेवणाऱ्या आर्मचा नट राहिला होता. तो तिने एकटीनेच आवळला. टक् वाजलं, तिने रेघ ओढली, गाडी गेली.

हत्यारं पुसून ठेवताना तिची नजर पान्याच्या मुठीवर गेली. साठ. आर्मला एकशे दहा लागतात. तिने ते लगेच टीमच्या मालकांना सांगितलं.

तळाबाहेर गाडीला हात लावायची टीमला मनाई. जे करायचं ते गाडीतल्या दोघांनी, म्हणजे दीर आणि शेजारी बसून वाट सांगणारा त्याचा जोडीदार यांनी, सोबतच्या हत्यारांनी. चाक उतरवा, नट आवळा, चाक चढवा. टप्प्याच्या सुरुवातीला पोचायला दोन मिनिटं तरी उशीर होणार, आणि मिनिटामागे दहा सेकंदांचा दंड. एवढी बेरीज करायला इंजिनिअर लागत नाही.

“अकरा किलोमीटरचा तर प्रश्न आहे,” मालक म्हणाले. “तेवढ्याला साठ पुरतात. उगाच त्याच्या डोक्याला ताप देऊ नका.”

पुरतीलही, असं तिलाही वाटत होतं. पंचाईत तीच होती. तिने फोन लावला.

“भावजी, गाडी बाजूला घ्या. डाव्या आर्मचा नट मी कमी आवळलाय. चूक माझी आहे.”

“टिकेल का?” त्याने विचारलं.

“बहुतेक टिकेल.”

“मग कशाला थांबायचं?”

“बहुतेकच्या भरवशावर मी तुम्हाला नाही सोडणार. थांबा.”

तो थांबला. पुरा आवळताना नट जेमतेम सरकला, फारसा सैल नव्हताच. दंड वीस सेकंदांचा बसला. शेवटच्या टप्प्यात पठ्ठ्याने जीव तोडून तीन सेकंद भरून काढले, आणि तरी करंडक तीन सेकंदांनी गेला.

मालक तिला वाट्टेल ते बोलले. तिने ऐकून घेतलं. घरी दीर तीन दिवस तिच्याशी अवाक्षर बोलला नाही. जेवताना मधे बसलेला नवरा बिचारा मिठाची बरणी इकडून तिकडे पोचवत राहिला. तिला फार वाईट वाटत होतं. आपल्या चुकीचं वाटत होतं. फोन केल्याचं मात्र नाही.

चौथ्या दिवशी सकाळी तो वर्कशॉपमध्ये आला. ती सुटा केलेला आर्म तपासत होती.

“राग गेलेला नाही,” तो म्हणाला. “इतक्यात जायचाही नाही.”

“बरं.”

“तो नट टिकला असता, वहिनी.”

“हो. मलाही तसंच वाटतं.”



“पुढच्या वेळीही असाच फोन करा,” तो म्हणाला. “करणार नसाल, तर मी गाडीत बसायचा नाही.”