रिकाम्या हॉलमधला चेलो

घरं रंगवणाऱ्या बायका फारशा दिसत नाहीत. त्यामुळे वहिनी कामावर आल्या की घरमालक आधी त्यांच्या मागे कोणी पुरुष येतोय का, ते बघायचे. मागून खरंच एक पुरुष यायचा, पण ते त्यांचे धाकटे दीर, खांद्यावर शिडी घेऊन. "रंगारी या आहेत. मी नुसता उंच आहे," असं भावोजी दारातच सांगून टाकायचे. ते वहिनी म्हणतात म्हणून रंगाच्या दुकानातले म्हातारे मालकही त्यांना वहिनीच म्हणायला लागले होते.

काम मुळात त्यांच्या मिस्टरांचं. लग्नानंतर वहिनी त्यांच्याच हाताखाली शिकल्या. पण भिंतीला भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, घासताना उडणारी पांढरी धूळ वर्षानुवर्षं छातीत जाऊन मिस्टरांना दमा जडला आणि डॉक्टरांनी ब्रशला हात लावायला बंदी केली. तेव्हापासून स्वयंपाकघर त्यांच्याकडे आणि भिंती वहिनींकडे, अशी वाटणी झाली. गाणी मात्र दोघांची राहिली.

मिस्टरांना नव्या संगीताचं वेड. "जुनी गाणी कुठे पळून जातायत? नवं आज ऐकायला हवं," असं त्यांचं म्हणणं. शुक्रवारी नवे अल्बम आले की भांडी विसळता विसळता ते कानाला हेडफोन लावून बसायचे आणि जो मनात भरेल तो वहिनींच्या फोनवर पाठवायचे. सोबत ताकीद असायची: 'पहिल्यापासून ऐक. मधली गाणी गाळू नकोस.' वहिनी तो ऐकायच्या रिकाम्या खोल्यांत. पडदे नाहीत, गादी नाही, कपाट नाही. अशा खोलीत एवढासा स्पीकरसुद्धा असा काही बोलायचा की त्यांचा हात रोलरवरच राहायचा. इतक्या वर्षांनीही त्यांना याची सवय झाली नव्हती. माणसाच्या घशातून किंवा लाकडाच्या खोक्यातून असं काही निघू शकतं, याचं त्यांना दर वेळी नव्याने आश्चर्य वाटायचं.

त्या वर्षी तीन अल्बमनी त्यांना झपाटलं. पहिला एका कोवळ्या मुलीचा. तिने सगळा अल्बम आपल्या स्वयंपाकघरात गायलेला. दुसऱ्या गाण्यात ती चुकते, हसते आणि ते हसू तसंच ठेवून पुढे जाते. वहिनी पहिल्यांदा वैतागल्या. "फिनिशिंगचा पत्ताच नाही," त्यांनी घरी फोन लावून सांगितलं. चार दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं, की आपण त्या हसण्याचीच वाट बघत बसतो.

दुसरा अल्बम एका बँडचा. त्यांचं नाव झालं होतं ते ड्रमच्या जोरावर, आणि या वेळी त्यांनी ड्रमच काढून टाकला. भावोजी खवळले. "याला काय अर्थ आहे? सिनेमातून हिरोच काढून टाकायचा?" पण शिडीवर उभ्या भावोजींचा पाय मात्र, जिथे ठोका पडायला हवा तिथे बरोबर पडत होता. वहिनींनी बोटाने पाय दाखवला. "भावोजी, ड्रम तुम्ही वाजवताय."

आणि तिसरा चेलोचा. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, गुडघ्यांत धरून वाजवायचा. वाजवणारे आजोबा एकेकाळचे फार मोठे वादक. पक्षाघाताने त्यांचा डावा हात अधू झाला होता आणि मधली कित्येक वर्षं ते गप्पच होते. बोटं थरथरायची, एका सुरावर टिकायची नाहीत. त्यांनी ती थरथर लपवली नाही, तिच्यासकट वाजवलं. सगळा अल्बम मिळून एकच लांबलचक तुकडा. मिस्टरांनी या वेळी ताकीदही पाठवली नव्हती. नुसतं लिहिलं होतं, 'ऐक बाई.'

तेव्हा काम चाललं होतं एका भूगोलाच्या शिक्षिकेच्या नव्या घरी. बाईंना हॉलची एक अखंड भिंत गडद निळी हवी होती. गडद रंगाची कटकट अशी, की भिंत एका दमात संपवावी लागते. मधे थांबलात आणि ओली कड वाळली, तर जोड दिसतो आणि पुढे दुसरा हात मारला तरी तो डोकं वर काढतो. वहिनींना हे पाठ होतं. तरी त्यांनी रोलर ट्रेमध्ये बुडवला आणि स्पीकर सुरू केला.

सुरुवातीला काहीच नव्हतं, नुसता चेलोचा गज तारेवर टेकल्याचा आवाज. मग खालचा एक सूर आला. तो कानात येण्याआधी पायांखालच्या लादीत आला असं वहिनींना वाटलं. खिडकीची सैल काच बारीक वाजायला लागली. सूर थरथरत वर चढायचा, आता तुटतो म्हणेपर्यंत सावरायचा आणि चारी भिंतींवरून परत यायचा, जणू खोलीच वाजते आहे. भिंतीच्या मध्यावर वहिनींचा हात थांबला. आपण किती छोट्या आहोत आणि हे केवढं मोठं आहे, एवढंच त्यांना कळत होतं. भीती नव्हती, रडूही नव्हतं. छाती नुसती भरून आली होती. वर शिडीवर भावोजींचा ब्रशही हवेतच राहिला होता.

कधीतरी मागे चाहूल लागली. शिक्षिकाबाई काम बघायला आल्या होत्या. चपला हातात घेऊन त्या उंबऱ्यावर तशाच उभ्या होत्या, अखेरचा सूर विरेपर्यंत.

मग भावोजी हळूच म्हणाले, "वहिनी, भिंत गेली."

खरंच गेली होती. मधोमध वाळलेल्या कडेचा पट्टा उमटला होता, आंधळ्यालाही दिसावा असा.

"माझ्यामुळे झालं, बाई," वहिनी म्हणाल्या. "उद्या घासून सगळी भिंत परत करून देते."

"ते कराल हो तुम्ही," बाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष अजून स्पीकरकडे होतं. "हे कोण वाजवतंय?"

वहिनींनी सांगितलं, आजोबांचं, त्यांच्या हाताचं आणि कोणी पाठवलं तेही. बाईंनी मिस्टरांची चौकशी केली तेव्हा दम्याचंही निघालं.

"मग त्यांनी हे असं मोकळ्या घरात ऐकलंच नसेल?"

"कुठून ऐकणार? ताज्या रंगाजवळ फिरकायचीसुद्धा सोय नाही."

"सामान यायला अजून अवकाश आहे," बाई म्हणाल्या. "भिंत झाली की मी खिडक्या उघड्या ठेवते. वास गेला की आणा त्यांना."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी भिंत घासली आणि स्पीकर बंद ठेवून एका दमात पुरी केली. वास पुरता गेल्याचा बाईंचा फोन आला तेव्हा त्यांनी मिस्टरांना बाहेर काढलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. दर मजल्यावर थांबत, श्वास घेत जिना चढले. हॉलमध्ये आल्यावर आधी त्यांनी जुन्या सवयीने भिंतीवर तळवा फिरवला. "हात बरा बसलाय तुझा," म्हणाले आणि मग लादीवर मांडी घालून बसले.

वहिनींनी अल्बम लावला. काच वाजायला लागली तसे मिस्टर ताठ झाले. त्यांनी डोळे मिटले नाहीत. उलट, आवाज कुठून येतोय ते शोधल्यासारखे ते छताकडे, कोपऱ्यांकडे बघत राहिले. तोंड लहान मुलासारखं उघडं. शेवटी सगळं शांत झाल्यावर ते म्हणाले, "अगं, घरी तो म्हातारा माझ्या कानाशी बसून वाजवायचा. इथे तो फार लांब आहे. डोंगराएवढा, पण लांब."

"लांब? अहो, माझ्या तर पायाखालून येत होता!"

"पायाखालून काय येतंय? तुला काहीतरीच."

"तुम्हाला मुळी ऐकूच येत नाही नीट. रात्रंदिवस हेडफोन लावून दुसरं काय होणार?"

बाईंनी हसत दार लावून घेतलं तरी दोघांचं संपलं नव्हतं. जिना उतरताना मिस्टर दोनदा दम खायला थांबले आणि दोन्ही वेळा, श्वास लागलेला असतानाही, आपलंच म्हणणं परत परत सांगत राहिले.