वामनची चौकट लाल झाली तेव्हा

भूत, चेटूक, अंगात येणं — मी यातलं काहीच मानत नाही. शिकलो चौथीपर्यंत, पण आजवर मले कोणी उल्लू बनवलं नाही. वलगावले माहं वांग्याचं वावर मसनवटीले लागून आहे. सारा जन्म तिथं गेला, कोणी भेटलं नाही. तरी हे लिहून राहिलो, कारण हे मी सोताच्या डोळ्यानं पाह्यलं.

माहा लहान भाऊ वामन तेल्हाऱ्याले राहे. मागच्या हिवाळ्यात तापामुळे अकोल्याच्या एका खाजगी दवाखान्यात भरती होता. मी सोबतीले गेलो. वार्डात भिंतीवर टीव्हीएवढा पडदा, त्यावर दर खाटेची एक चौकट. सिस्टर पेशंटले विचारून कॉम्प्युटरात भरते. पेशंट बिघडणार असला तर कॉम्प्युटर आधीच ओळखते अन् चौकट लाल करते. नाही तर हिरवी.

सकाळी वामन म्हणे, "सिस्टर, जीव घाबरून राहिला."

सिस्टर नवीन, साताऱ्याकडची. "घाबरू नका काका, ताप उतरतोय," म्हणाली, अन् भरलं — भीती वाटते.

मी म्हटलं, "बाई, तो भेला नाही. जीव घाबरून राहिला त्याचा."

"तेच लिहिलंय आजोबा."

"तेच नाही ना. भेव वेगळं, हे वेगळं. छातीत कसंतरी होते, दम पुरत नाही, त्याले आमी जीव घाबरते म्हणतो."

वामन तशातही हसला. "सिस्टर, दादाच्या नादी नका लागू. तुमचाच जीव घाबरन."

डॉक्टर आला, त्यालेही सांगितलं. त्यानं पडद्याकडे पाह्यलं. "हिरवं आहे न बाबाजी."

"मशीनले वऱ्हाडी येते का?" मी विचारलं. तो हसून पुढच्या खाटेकडे गेला.

दुपारी जेवणाची ताटं उचलून राहिले होते. वामन डोळे मिटून पडला होता. सहज वर पाह्यलं... त्याची चौकट लाल. मी सिस्टरले हाक मारली. तिनं पाह्यलं अन् पळतच डॉक्टरले आणलं. छातीले वायर लावल्या, मशीनमधून कागदाची पट्टी निघाली, अन् डॉक्टरचं तोंड उतरलं. हार्टचं होतं. वामनले आयसीयूत नेलं.

संध्याकाळी वामन गेला. डॉक्टर म्हणे, "सकाळी कळलं असतं तर..."

तेरवी झाल्यावर मी परत गेलो, भांडायलेच. कॉम्प्युटरवाल्यानं खुर्ची दिली, नीट सांगितलं. मशीन जुन्या पेशंटच्या नोंदी दाखवून शिकवली होती. तवा सिस्टर इकडच्याच होत्या, 'जीव घाबरते' म्हटलं की त्या छातीच्या त्रासात भरत. मंग सिस्टर बदलल्या, भरणं बदललं, मशीन होती तशीच राहिली. "मधून मधून तपासून तिला परत शिकवावं लागतं बाबाजी, ते राहून गेलं."

राहून गेलं म्हणे.

"मंग दुपारी लाल कावून झाली?"

त्यानं त्या दिवसाचं सगळं काढून दाखवलं. वामनची चौकट लाल झालीच नव्हती. दिवसभर हिरवी. तिकडे तो मरून राहिला, इकडे हिरवीच. त्यानं सिस्टरले बोलावलं. ती खाली पाहून म्हणाली, "मीपण पाहिली सर. लालच होती." त्यानं ते सगळं परत वरून खालपर्यंत पाह्यलं. हिरवंच.

घरचे म्हणतात देवानं दाखवलं, गावातले म्हणतात आमच्या मायनं. मी मानत नाही. कोणी दाखवलं, मले आजही माहीत नाही. पण ज्यानं दाखवलं त्याले समजलं होतं ना? मंग सकाळी कावून नाही दाखवलं?