काठावरची खूण

“ठिपक्यावर खूण नको करू, बाय. काठावर कर. माल खराब होतो.”

दादरच्या एका शाळेच्या वर्गात, रविवारी सकाळी, शेजारच्या बाकावर कुणाला तरी सांगितलेलं हे मी ऐकलं. माल म्हणजे दीर्घिकेचा फोटो होता. सांगणारे काका लालबागचे. गिरणीत आयुष्यभर कापडातले दोष शोधलेले.

आमच्या आकाशनिरीक्षण मंडळात एकाच दीर्घिकेचे जुने-नवे फोटो शेजारी ठेवून नवा ठिपका शोधतात. सापडला, तर तो सुपरनोव्हा, म्हणजे फुटलेला तारा, असू शकतो. काकांना स्क्रीनवर “माल कळत नसे”, म्हणून त्यांच्यासाठी प्रिंट काढाव्या लागत. ठिपका दिसला की त्याच्या सरळ रेषेत, कागदाच्या काठावर, लाल पेन्सिलीची बारीक रेघ. “डाग आहे.”

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ती निवृत्त होतात, त्यांचे डोळे होत नाहीत.

मी मंडळाची टिपणं काढायची, बोलायचे सचिव. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. चार माणसांसमोर मराठी बोलायचं म्हटलं की मला तहान लागते.

एका फोटोत दोन दीर्घिका एकमेकींना ओढत होत्या. नवा ठिपका सापडला की काका त्याच जुन्या प्रिंटच्या काठावर रेघ ओढत; काही वर्षांत तिथे तीन रेघा झाल्या.

“इथेच एवढे डाग कसे गो?”

मी हळू आवाजात सांगितलं. अशा जवळ आल्या की त्यांच्यातला वायू दाबला जातो, पुष्कळ नवे तारे तयार होतात. त्यातले सगळ्यात मोठे भराभर जळून फुटतात. म्हणून जिथे असे जास्त फुटतात, तिथे नुकतेच जास्त जन्मलेले असतात.

काकांनी चष्मा पुसला. “म्हणजे माग जोरात चालू आहेत. आधी सांगायचं ना. मी नापास करत बसलो.” मग म्हणाले, “हे सगळ्यांना सांग.”

“सचिव सांगतील, काका.”

“ते वाचून दाखवतात. तू सांग.”

मी हो म्हणून मान हलवली. मान हलवणं मला चांगलं जमतं.

पुढचे चार रविवार ते पहिल्या बाकावर बसून विचारायचे, “आज?” चारही वेळा माझा घसा बसला होता. चौथ्यांदा त्यांनी खडीसाखर आणली होती.

पाचव्या रविवारी त्यांची सून आली. बाबा मंगळवारी गेले, म्हणाली, आणि प्रिंटांची पिशवी माझ्याकडे दिली.

मी पिशवीतून तो तीन रेघांचा फोटो बाहेर काढला. सचिवांनी सवयीने हात पुढे केला. “काठ कापून टाकू या का? रेघोट्या आहेत.”

मी फोटो सोडला नाही.

“मी सांगते,” मी म्हणाले. “आधी काठाकडे बघा.”